गट नंबर दोनशे बारा

बेंदराची पहिली पोळी बैलांच्या मुखी गेली, मग सोप्यात पुरुषांची पंगत बसली. कटाची आमटी वाढून झाली तरी उदयसिंहांनी हात लावला नाही. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि ताटाशेजारी ठेवला. कागदाच्या चारही कोपऱ्यांना खळ चिकटलेली होती. तो कुठून फाडून आणलाय ते दीपमालाने दारातूनच ओळखलं.

"हे कुणी लिवलं?"

"मी लिवलं, भावजी," दीपमाला म्हणाली. "पण पंचायतीच्या फळ्यावरची सभेची नोटीस काढायला नको हुती. आता दुसरी लावावी लागंल."

"पाच नंबरचा विषय वाच. मोठ्यानं वाच, समद्यांना कळू दे."

तिने पुढे होऊन कागद उचलला. "ठिबक सिंचन अनुदान. मागील पाच वर्षांतील लाभार्थ्यांच्या यादीचे वाचन. नाव, गट क्रमांक व रकमेसह."

पंगतीत कुणी घास तोडला नाही. दीपमालाचा नवरा अमृत मान खाली घालून पोळीवरच्या तुपाकडे बघत राहिला. सणासाठी तो सकाळीच नोकरीच्या गावाहून, कुपवाडहून मोटरसायकलवर आला होता. त्याच्या शेजारी चुलते, कृष्णात सुभेदार. फौजेतून येऊन बारा वर्षं झाली तरी पंगतीतसुद्धा त्यांची पाठ ताठच असायची. आणि आतल्या दाराशी, पाटावर, सासूबाई बनुबाई.

शिंगट्यांच्या घरात एवढी शांतता दीपमालाने पूर्वी एकदाच पाहिली होती, मामंजींना, आबांना, शेवटचं घरी आणलं त्या दिवशी.

साडेतीन वर्षांपूर्वी चिंचखोरीचं सरपंचपद बाईसाठी राखीव पडलं तेव्हा उदयसिंहांनीच तिचा अर्ज भरला होता. थोरल्या जाऊबाईंना तीन मुलं, त्यांचा अर्ज बाद झाला असता. म्हणून ही. पहिलं वर्षभर भावजी बोट ठेवतील तिथे तिने सही केली. मग एक दिवस तिने सही करण्याआधी कागद वाचला. तेवढंच झालं होतं. पण त्यानंतर तिला न वाचता सही करता येईना.

यादीचं प्रकरण निघालं ते राहीबाईमुळे. राहीबाई म्हणजे भावकीतलीच, उदयसिंहांच्या चुलत भावाची बायको, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. आजेसासऱ्यांच्या वाटणीत येरळा नदीकडचा गट नंबर दोनशे बारा तिच्या सासऱ्याला गेला आणि तेव्हापासून दोन घरांत येणं-जाणं नव्हतं. ती राहीबाई तीन आठवड्यांपूर्वी पंचायतीत येऊन खुर्चीवर न बसता म्हणाली होती, "सरपंच, तीन वर्षं ठिबकचा अर्ज करतीया. दरवेळी काँप्युटर म्हणतो, ह्या गटावर आदीच अनुदान घेतलंय. माझ्या रानात हातभर पायप न्हाई. कुणी घेतलं, ते मला पायजे."

दीपमाला तालुक्याला, कडेगावला गेली. कृषी सहायक चंदनबाला पाटील सांगलीकडच्या, बोलायला नेमक्या. त्या म्हणाल्या, "यादी गुप्त नसतेच हो. कुणी मागत नाही, एवढंच. पत्र द्या, घेऊन जा." पत्र दिलं, आठवड्याने यादी मिळाली. एकेचाळीस नावं. एसटीत बसून ती बोटाने खाली खाली आली आणि सतराव्या ओळीवर बोट थांबलं.

गट क्रमांक दोनशे बारा. भाडेकरार. लाभार्थी : दीपमाला अमृत शिंगटे.

त्या दिवशी तिला स्टँडवर उतरायचं भान राहिलं नव्हतं. कंडक्टरने हाक मारली तेव्हा ती उठली.

"यादी वाचायची तर वाच," उदयसिंह आता म्हणत होते. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "किती लोकांना मिळालं, किती रक्कम आली, आकडं वाच. टाळ्या पडतील. नावं कशाला?"

"नावंच न्हाई वाचली तर यादी कसली, भावजी?"

"कारखान्याच्या संचालकाचा फॉर्म भरायला तीन आठवडं राहिल्यात. वीस वर्षं राबलोय त्या खुर्चीसाठी. आन् माझ्याच घरातली बाई उठून माझंच नाव वाचणार?"

"तुमचं एकट्याचं न्हाई. घरातली सहा हाईत."

कृष्णात सुभेदारांनी घसा साफ केला. "दीपा, ऐक. घरची बात घरात राहावी. यादी वाच, बाकीच्यांची वाच. आपली नावं मागनं बघू. आदी आपसात बसून निकाल लावू."

क्षणभर तिचा धीर सुटला. तात्या आपल्या बाजूला येतील, असं तिने धरून ठेवलं होतं.

"तात्या," ती म्हणाली, "तुमचं बी नाव हाय. गट एकशे अठ्ठ्याण्णव."

"माझं?" सुभेदारांनी हातातला घास खाली ठेवला. "मी कवा अर्ज केला?"

"तुमी फौजेतनं आल्यावर सातबारा कुणाकडं दिलावता?"

सुभेदारांनी मान वळवून पुतण्याकडे पाहिलं. उदयसिंहांनी नजर चुकवली नाही.

"व्हय, केला मी. एकच संच आणला, सहा रानांत अंथरला, सहा ठिकाणी फोटू काढलं. समदी गावं करत्यात. आन् कुणासाठी केलं? दारातला ट्रॅक्टर आभाळातनं पडला का? त्यानं तुमचं रान नांगारलं न्हाई, तात्या? अमृत, कुपवाडात खोली घेताना डिपॉझिट कुणी दिलं? इचारलंस तवा, पैसं कुठनं आलं म्हणून?"

अमृतचे कान लाल झाले. दीपमालालाही ते लागलं. त्या खोलीत ती आठ-आठ दिवस राहून आली होती. पोराच्या शाळेच्या बसचं भाडंही त्याच पैशातून गेलं असेल. कोण वेगळं होतं यातून?

"न्हाई इचारलं," ती म्हणाली. "आमी कुणीच न्हाई इचारलं. चूक झाली. पर राहीअक्कांच्या गटावर माझं नाव हाय भावजी. तिच्या रानाला पाणी न्हाई मिळालं ते माझ्या सहीनं."

"ते रान आपलंच हुतं!" आता मात्र आवाज चढला. "आबांनी मरंस्तवर सांगितलं, ते आपलंच हुतं!"

मग ते उठले. भरल्या ताटावरून, सणाच्या दिवशी. उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "उद्या यादी वाचलीस तर तुझी चूल येगळी. रान बी येगळं. अमृत, तुझ्या बायकूला सांग."

गोठ्यात बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ओला होता. अमृत मोटरसायकलला टेकून उभा होता. दीपमाला बाहेर आली तशी त्याने हातातली किल्ली खिशात घातली.

"दादानं माझी आयटीआयची फी भरली," तो म्हणाला. "आबा आजारी हुते, पैसा नव्हता. बुलेट इकली त्यानं माझ्यासाठी."

"ठाऊक हाय मला."

"मला तुझ्या मागं बी उभं राहता येईना, आन् त्याच्या मागं बी."

"मागं नगा उभं राहू. सभेत खाली बसा. माणसं कमी पडली तर सभा तहकूब हुती."

त्याला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. "दीपा, खरं सांग. तुझ्यावर केस झाली तर? सही तुझी हाय. दादा म्हणंल, मला काय ठावं न्हाई. मग?"

गेले आठ दिवस भाकरी थापताना, सभेचा कागद लिहिताना, पोराच्या डोक्याला तेल लावताना ती याच एका प्रश्नापाशी येऊन थांबत होती. पद जाणार याचं तिला काही वाटत नव्हतं. पण पोलीस दारात आले तर माहेरी पलूसला काय सांगायचं? बारावीला पहिली आलेली पोरगी म्हणून भाऊ अजून मिरवायचा.

"झाली तर झाली," ती म्हणाली. "ग्रामसेवक भाऊसाहेबांकडं मी माझा जबाब लिवून दिलाय. आज सकाळीच. त्यात तुमच्या दादाचं नाव न्हाई. माझी सही, माझी चूक, तेवढंच हाय."

अमृत गाडीपासून सरळ झाला. "सकाळीच दिलास? मग दुपारी समद्यांशी बोललीस कशाला?"

"कुणीतरी म्हणंल वाच म्हणून, आसं वाटलं."

संध्याकाळी बैल मिरवून आले. दीपमाला ओवाळणीचं ताट घेऊन आत जात असताना बनुबाईंनी तिला हाक मारली.

"दीपा, माझं नाव हाय का त्या कागदात?"

"हाय, आत्याबाई. दोन गटांवर."

"दोन?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. पदराचं टोक उगाच बोटाला गुंडाळत राहिल्या. "वाटणीच्या वक्ताला तुझ्या मामंजींनी माझा अंगठा घेतलावता. कशावर, ते मी इचारलं न्हाई. राहीच्या सासूनं त्या दिवशी माझ्याकडं बघितलं. अजून ध्यानात हाय." मग त्यांनी ताट हातात घेतलं. "उद्या नावं हळू वाचू नगंस. मला कमी ऐकू येतं."

"तुमी येणार?"

"बघू," म्हणून त्या आत गेल्या.

ग्रामसभेला एरवी चाळीस माणसं जमत नसत. त्या दिवशी शाळेची शेड भरून माणसं कुंपणाला टेकली होती. पुढच्या रांगेत उदयसिंहांची माणसं होती, ते स्वतः मागे खांबाशी. अमृत मध्यावर कुठेतरी खाली बसला होता. बायकांच्या बाजूला राहीबाई, पदर घट्ट लपेटून. बनुबाई दिसत नव्हत्या.

पाचवा विषय पुकारला आणि पुढच्या रांगेतला एक जण उठला. "सरपंच, आमची हरकत हाय. कुणाला काय मिळालं ही खाजगी गोष्ट हाय. नावं वाचता येणार न्हाईत."

"पैसा सरकारी, यादी सरकारी," दीपमाला म्हणाली. "खाजगी काय हाय त्यात? हरकत लिवून घ्या, भाऊसाहेब. वाचन बी लिवून घ्या."

तिने कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर तळवा दाबला.

"यादीत माझा नंबर सतरावा हाय. पर मी तिथनं सुरू करते. दीपमाला अमृत शिंगटे. गट क्रमांक दोनशे बारा. भाडेकरारानं." तिने रक्कम वाचली. "त्या रानाचा करार माझा कवाच झाला नव्हता. त्या रानात ठिबक न्हाई. कागदावर सही माझी हाय. अनुदान परत करायचा जबाब मी दिलाय."

राहीबाई उठली.

"तीन उन्हाळं," ती म्हणाली. "तीन उन्हाळं निम्मा ऊस वाळवला मी. पाटाचं पाणी टोकापतुर जाईना. पोरीची शाळा सोडवली. तू सही केलीस त्यावर?"

"केली, अक्का."

"न वाचता?"

"न वाचता."

"मग आता वाचून काय उपेग?"

दीपमालाला वाटलं होतं, राहीबाई रडेल, कदाचित हात जोडेल. त्यासाठी आपण मनातल्या मनात तयार झालो होतो, याची तिला आत्ता लाज वाटली. हे काही ती राहीबाईवर उपकार करत नव्हती.

"उपेग हाय का न्हाई ते तुमी ठरवा," ती म्हणाली. "मला वाचलंच पायजे."

राहीबाई बसली नाही. उभीच राहिली.

दीपमाला वाचू लागली. नाव, गट, रक्कम. एकेक नावापाशी कुठे खोकला, कुठे कुजबुज. दहाव्या नावाला मागचे दोन जण उठून निघून गेले. बाराव्याला कुणीतरी ओरडलं, "ह्याला रानच न्हाई, ठिबक कुठं, डोक्यावर?" आणि हशा पिकला, पण तो लगेच विरला. कारण पुढचं नाव तिने वाचलं होतं.

"कृष्णात बापू शिंगटे. गट एकशे अठ्ठ्याण्णव."

सुभेदार दारापाशी उभे राहिले. हात शिवणीला लावून, परेडला उभं राहावं तसे. "हजर," ते म्हणाले. मग जणू ते पुरेसं नाही असं वाटून पुढे म्हणाले, "माझ्या रानात ठिबक न्हाई. कधीच नव्हतं. मला ठावं नव्हतं, हे कारण मी देत न्हाई. आपल्या सातबाऱ्याची खबर आपण ठेवायला पायजे हुती. लिवा."

उदयसिंह खांबापासून हलले नाहीत.

"बनुबाई..." दीपमालाने वाचलं आणि तिचा आवाज पडला.

"मोठ्यानं!" कुंपणाकडून आवाज आला.

बनुबाई तिथे होत्या, कुंपणाबाहेर, थोरल्या जाऊबाईंचा हात धरून. माणसांनी वाट दिली. त्या टेबलापाशी आल्या, ग्रामसेवकांसमोर.

"दोन गटांवर हाय म्हणं माझं नाव. माझ्या रानात पायप न्हाई. लिवा. अंगठा कुठं द्यायचा?"

"आजी, जबाब लिहून होऊ द्या, मग..."

"वाचून दावा आदी. मग देते."

त्यानंतर मात्र यादी थांबली नाही, उदयसिंहांच्या नावापाशीही नाही. वाचन संपेपर्यंत एकेचाळीसपैकी अकरा जण आपणहून उभे राहिले होते. काहींनी आवाज चढवला. एकाने दीपमालाला वाईट शब्द वापरला आणि अमृत उठून त्याच्याजवळ गेला. हात उगारला नाही, नुसता त्याच्या शेजारी जाऊन बसला. ठराव झाला : प्रत्येक गटाची पंचांसमक्ष पाहणी करावी, अहवाल तालुक्याला पाठवावा, यादी पंचायतीच्या फळ्यावर कायम लावावी. ठरावाला सूचक कोण, असं ग्रामसेवकांनी विचारलं तेव्हा राहीबाईने हात वर केला.

दीपमाला घरी आली तेव्हा तिची भांडी पडवीत काढून ठेवलेली होती. पातेली, तवा, पोळपाट, गॅसची शेगडी. उदयसिंहांनी बोललेलं केलं होतं. डबे उचलून नेताना एक जड लागला. झाकण उघडलं तर त्यात कालचं पुरण दाबून भरलेलं. थोरल्या जाऊबाई परसात कपडे पिळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. बनुबाईंचं अंथरूण अमृतने विचारल्याशिवाय आपल्या खोलीत आणून ठेवलं आणि त्यांनी ते परत न्यायला लावलं. "मी दोन्हीकडं जेवणार," त्या म्हणाल्या. "माझी वाटणी कुणी करू नगा."

पाहणी आठ दिवसांनी सुरू झाली. चंदनबालाबाई, तलाठी, तीन पंच. पहिला गट दोनशे बारा घ्यायचा, हे दीपमालाने ठरवलं होतं. पण येरळेकाठचा आडसाली ऊस डोक्यावर गेलेला, बांधावर घाणेरी माजलेली. हद्दीचा दगड कुणाला सापडेना. तलाठ्याने नकाशा दोनदा उलटा-सुलटा करून बघितला. राहीबाई म्हणत होती इकडे, शेजारचा म्हणत होता तिकडे. हद्द ठरल्याशिवाय पंचनामा होत नव्हता, आणि तलाठी घड्याळ बघू लागला होता.

"पुन्हा कधीतरी घेऊ," तो म्हणाला.

"आजच घ्यायचा," दीपमाला म्हणाली. "दिवसभर लागला तरी."

ती स्वतः कोयता घेऊन घाणेरीत शिरली. हाताला ओरखडे आले. तासभर झाला असेल, तेव्हा रस्त्यावर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला.

उदयसिंह होते. त्यांनी संचालकाचा फॉर्म भरला नव्हता. पॅनेलने दुसरं नाव दिल्याचं परवाच कळलं होतं. आठ दिवसांत त्यांची दाढी वाढली होती. ते गाडीवरून उतरले, कुणाशी बोलले नाहीत, दीपमालाला ओलांडून पलीकडच्या ओघळीत उतरले. लहानपणापासून आबांच्या मागे या रानात फिरलेला माणूस. त्यांनी वाकून पायाने माती सारली, मग हाताने. शेवाळलेला, खुणेचा दगड वर आला.

"हितनं," ते तलाठ्याला म्हणाले, "त्या बाभळीपतुर. दोनशे बारा. राहीचा."

तो शेवटचा एक शब्द बोलायला त्यांना किती जड गेलं असेल, ते तिथे दीपमालाशिवाय कुणाला कळलं नसावं. राहीबाई पुढे आली आणि दगडाशेजारी उभी राहिली.

पंचांनी रान फिरून पाहिलं. दीपमाला मांडीवर कागद ठेवून चंदनबालाबाई सांगतील तसं लिहीत गेली : सदर गटात ठिबक संच आढळून आला नाही.

"माझी सही मागू नगंस," उदयसिंह म्हणाले.

"मागत न्हाई, भावजी. तुमी दगड दावला, तेवढं लिवते."

तिने लिहिलं : गटाची हद्द उदयसिंह शिंगटे यांनी स्वतः दाखवली. आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. नाही म्हणाले नाहीत. मग चिखलाचे हात धोतराच्या सोग्याला न पुसता तसेच हँडलवर ठेवून निघून गेले.

"सरपंच," राहीबाईने विचारलं, "नवा अर्ज कवा करायचा?"

दीपमालाने कागदाखाली सही केली आणि उठली. "आजच. चला, कडेगावची गाडी बाराला हाय."

"आन् बाकीचं गट?"

"ते दुपारनंतर," ती म्हणाली, आणि दोघी बांधावरून रस्त्याला लागल्या.